डेझीची खांदमळणी

वेगाने मानवजातीचं जेवढं नुकसान केलं आहे, तेवढं युद्धं, साथी आणि दुष्काळ यांनी मिळूनही केलेलं नाही. हे वाक्य मी अमरावतीच्या एका व्याख्यानात उच्चारलं तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. त्या संपायच्या आत मी मागच्या दाराने धावत सुटलो, कारण बडनेऱ्याची गाडी सुटायला सात मिनिटं उरली होती.

मानवजातीचं मला नक्की ठाऊक नाही. वेगापायी झालेलं एकच नुकसान मी डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि खरं सांगायचं तर तेही वेगाने झालं नव्हतं. मी केलं होतं. तुपाने.

१९३४ साली अकोटच्या एका जिनिंग फॅक्टरीच्या मालकांनी मला वर्षभरासाठी विलायतेला पाठवलं. सरकीपासून रुई वेगळी करणारी नवी यंत्रं लँकेशायरात बनत. ती पाहून, समजून यायचं होतं. निघताना रुख्मिणीवहिनीने घरच्या तुपाचा डबा, झाकणाला मेण लावून, माझ्या ट्रंकेत ठेवला. सोबत हळदीची पुरचुंडी. "भातावर रोज घेत जा, भाऊजी. थ्या मुलखात हाडं गोठतेत म्हनते."

जानरावदादा काही देणाऱ्यांतला नव्हता. माझा थोरला भाऊ. वलगावची काळी जमीन आणि दोन बैल, एवढ्याच गोष्टींवर त्याचा विश्वास. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, त्याची जोडी पळायची आणि दादा स्वतः धुरकरी म्हणून, जोडी हाकायला, दांडीवर बसायचा. तो एवढंच म्हणाला, "औंदा पोळा शनवारी येते. शुक्करवारी खांदमळनी. कुठंबी असलास तं ध्यानात ठेव."

ध्यानात ठेवलं, हाच घोटाळा झाला.

समुद्रकाठच्या एका लहानशा गावी मिसेस ऑग्डन नावाच्या बाईंकडे मी राहत असे. त्यांचा मुलगा आल्फ्रेड, वय चाळीसच्या आसपास, बिनलग्नाचा, भाजीचं दुकान चालवायचा. साहेबाला कोबी तोलताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. आमच्याकडचा साहेब दौऱ्यावर आला की गावचे कुत्रेसुद्धा बांधून ठेवत. हा साहेब पंचा गुंडाळून "गाजरं आजचीच आहेत, बाई" अशी शपथ घेत होता. गाजरं कालची होती. मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

आल्फ्रेडची एक मोटार होती. नाव डेझी. अमेरिकेत बनलेली, वीस वर्षांची, दारं आणि छप्पर काढून टाकलेली. ती रस्त्यावर धावत नसे. वर्षातून एकदा, सप्टेंबरच्या एका शनिवारी, ओहोटीने उघड्या पडलेल्या वाळूवर त्या गावात मोटारींची शर्यत व्हायची, तेवढ्यापुरती ती धावायची. सात वर्षं आल्फ्रेड त्या शर्यतीत उतरत होता आणि सात वर्षं त्याच्या मागे फक्त एक पाद्री असायचा. यंदा मिसेस ऑग्डन यांनी जाहीर केलं होतं की हे शेवटचं. जिंकला तर डेझी राहील. नाही तर दुकानामागची छपरी बटाट्यांना लागते.

"जिंकेन," आल्फ्रेड म्हणाला. "यंदा हिला नवा ब्रेक बसवला आहे. दर वर्षी वळणावर मार खायचो. मैलभर सरळ जायचं, निशाण लावलेल्या पिंपाला वळसा घालायचा आणि परत. जो उशिरात उशिरा ब्रेक लावेल तो जिंकेल."

शुक्रवारी संध्याकाळी मी कंदील धरून उभा होतो आणि तो ब्रेक आवळत होता. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला एक लोखंडी गोल होता आणि त्याभोवती पट्टा. पट्टा आवळला की चाक थांबतं. त्याने पाना फिरवला, हाताने ओढून पाहिला, पुन्हा फिरवला, पुन्हा ओढून पाहिला. मग हात पुसले. "आता सुटेल तर शपथ," म्हणाला आणि चहा प्यायला घरात गेला.

मी छपरीत डेझीसोबत एकटाच राहिलो.

शुक्रवार. संध्याकाळ. वलगावात या घटकेला काय चाललं असेल ते मला डोळ्यांसमोर दिसत होतं. दादाने बैल धुतले असतील. वहिनीने वाटीत तूप आणि हळद कालवली असेल. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्यांवर पळसाच्या पानाने ते तूप चोळत दादा बैलांच्या कानात सांगत असेल, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आणि उद्या डेझी पळणार होती. तिचे खांदे कोणीच मळले नव्हते.

मी खोलीतून डबा आणि पुरचुंडी आणली.

मोटारीचा खांदा कुठे असतो, हा प्रश्न मी हसण्यावारी नेला नाही. पुरता विचार केला. बैलाच्या मानेभोवती जोत्याचा पट्टा येतो. तो जिथे घासतो तिथे घट्टा पडतो आणि तिथेच तूप लागतं. मी कंदील घेऊन डेझीभोवती फिरलो. सगळ्या गाडीत मानेसारखी गोल गोष्ट एकच होती आणि तिच्याभोवती पट्टाही होता. दोन्ही चाकांना मी तूप-हळद भरपूर चोळली. बोटं पट्ट्याच्या आत घालून चोळली. थंडीने तूप गोठलेलं होतं, ते छान बसलं. मग डाव्या दिव्याजवळ तोंड नेऊन आवतण दिलं.

इतकं हलकं मला विलायतेत कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या घोड्याने डेझीला वाळूवर ओढत नेलं. शर्यतीच्या आधी ती सुरू करायची नाही असा आल्फ्रेडचा नेम होता. त्यामुळे ब्रेकला पाय लागायचा प्रसंग आलाच नाही. वाळूवर हजारभर माणसं जमली होती. पोरं गाढवांवर बसून फिरत होती, म्हाताऱ्या लोकरीच्या शाली पांघरून खुर्च्यांवर बसल्या होत्या, एक जण भोंग्यातून नावं पुकारत होता. पटाची गर्दी, पटाचीच धूळ. फरक एवढाच की इथे कोणी बैलाच्या शेपटीला हात घालून ठेवला नव्हता. मी मिसेस ऑग्डन यांच्याशेजारी उभा होतो. निशाण पडलं आणि बाई माझा दंड धरून ओरडायला लागल्या. बटाट्यांचं नाव नव्हतं.

डेझी पहिली होती. पिंप येईपर्यंत पहिली होती. बाकीच्यांनी ब्रेक लावले, आल्फ्रेडने आणखी वाट पाहिली आणि मग लावला.

ती वळली नाही. पिंपाच्या बाजूने सरळ गेली, ओल्या वाळूवरून गेली, आणि समुद्र चाकांना लागला तरी जातच राहिली. थांबली तेव्हा आल्फ्रेड कमरेइतक्या पाण्यात बसलेला होता आणि दोन्ही हात सुकाणूच्या चक्रावर होते. भरती यायला लागली होती. पाद्री परतताना त्याच्याकडे पाहून टोपी उचलून गेला.

डेझी दुसऱ्या दिवशी ओहोटीला बाहेर निघाली. ओढायला गाढवं होती, पण ती ओढेनात. मग मी पुढे झालो, दोरांची नीट जुंपणी केली आणि सहा गाढवांना वऱ्हाडीत चार शब्द ऐकवले. गाढवं लगेच निघाली. त्यांना यापूर्वी कोणी इतकं खरं बोललं नसावं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिथल्या साप्ताहिकात माझं नाव आलं: संकटात धावून आलेला हिंदी पाहुणा. आल्फ्रेडने ते कात्रण कापून मला दिलं. ते आजही माझ्याकडे आहे. मी ते उघडत नाही.

त्या रविवारी जेवताना मिसेस ऑग्डन म्हणाल्या, "तू ब्रेक आवळायला विसरलास, आल्फ्रेड."

"मी आवळला होता, आई."

"मग समुद्रात का गेलास?"

आल्फ्रेड आपल्या हातांकडे पाहत राहिला. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "आवळला होता ना मी?"

माझ्या तोंडात पुडिंग होतं. ते गिळायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात माणूस सगळं सांगू शकतो. मी आणखी एक घास घेतला. नंतर म्हणालो, "अंधार होता. मला नीटसं दिसलं नाही."

कंदील माझ्याच हातात होता.

खाऱ्या पाण्याने डेझीचं यंत्र गेलं. पुढचा भाग भंगारात गेला. मागच्या दोन चाकांवर फळ्या ठोकून कोबीचा हातगाडा केला. मी तिथून निघालो त्या दिवशी आल्फ्रेड माझी ट्रंक त्याच गाड्यावर ठेवून स्टेशनावर आला. वाटभर तो एका बाजूने ढकलत होता, मी दुसऱ्या.

इथवर माझा गुन्हा साधा होता. तो वाढला अमरावती ते वलगाव या वाटेत.

दादा दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, घेऊन स्टेशनावर आला होता. तिकडचं हवापाणी, यंत्रं, राजाचा वाडा, कशातच त्याला गोडी नव्हती. शर्यतीचं नाव निघाल्यावर मात्र त्याने कासरा सैल सोडला आणि माझ्याकडे वळून बसला.

"मोटारीचा पट? आन् तुया सायेब धुरकरी?"

"हो."

"खांद मळला व्हता?"

"मी मळला. वहिनीच्या तुपाने."

दादाचा चेहरा असा उजळला की मी तो त्याआधी फक्त एकदाच तसा पाहिला होता, त्याची जोडी तळेगावला पहिली आली तेव्हा. "मंग?" तो म्हणाला. "पयला आला असन!"

मी म्हणालो, "आला."

एकच शब्द. पण वलगावात पोचेस्तोवर त्याची बखर झाली. आमचे शेजारी नत्थुजी यांनी ती चावडीवर नेली. पुढच्या पोळ्याला गावकऱ्यांनी अमरावतीहून येणारी सर्व्हिस मोटार थांबवून तिचे खांदे मळायचा ठराव केला. शास्त्र फक्त मलाच ठाऊक, म्हणून मला अकोल्याला, जिथे मी आता नोकरीला होतो, बोलावणं आलं. त्या मोटारीत वीस माणसं बसायची. मी रजा काढून पळत आलो. मोटारीचा खांदा म्हणजे भोंगा, असं मी सर्वांना गंभीरपणे सांगितलं आणि स्वतःच्या हाताने भोंग्याला तूप लावलं. मग दर वर्षी तेच. कोणी दुसऱ्याने जाऊन चाकांना हात लावू नये म्हणून मी एकही पोळा चुकवला नाही. गाव म्हणायचं, विलायतेला जाऊन आला, पण श्रद्धा पाहा.

१९३८ च्या खांदमळणीला मी वलगावला पोचलो तेव्हा दादाने गोठ्यातल्या कोनाड्यातून एक पाकीट काढलं. विलायती तिकीट. दोन दिवस त्याने ते न उघडता जपून ठेवलं होतं.

"तुया सायेबाचं हाये. सगळ्याईले आयकू दे."

गोठ्यात नत्थुजी होते, आणखी पाच-सहा जण होते. दारात वहिनी तूप-हळदीची वाटी घेऊन उभी होती. ती वाटी तिने माझ्या हातात दिली आणि दादा हरण्या बैलाचा खांदा चोळायला लागला. मी एका हातात वाटी आणि एका हातात पत्र धरून मनात वाचलं.

आल्फ्रेडने लिहिलं होतं: चार वर्षं झाली. गावात मला विसराळू आल्फ्रेड म्हणतात. त्याचं काही नाही. पण मला आठवतं की मी पाना फिरवला, आणि आई म्हणते की नाही, आणि समुद्र आईच्या बाजूचा आहे. तेव्हापासून मी मोटार चालवलेली नाही. दुकानाचं कुलूप लावून घरी येतो आणि लागलं की नाही ते पाहायला परत जातो. कधी तीनदा जातो. मला माझ्या हातांचा भरवसा उरला नाही. त्या संध्याकाळी तिथे फक्त तुम्ही होतात. अंधार होता हे मला ठाऊक आहे. तरी एकदा आठवून सांगाल का, मी तो ब्रेक आवळला होता की नाही?

"काय म्हनते?" दादाने विचारलं.

"सगळं ठीक आहे म्हणतो. पोळ्याची आठवण झाली म्हणतो."

"येवढं लंबं पत्र," नत्थुजी म्हणाले, "आन् येवढंच? इंग्रजीत शब्द लई मोठाले दिसतेत."

"पटात उतरते ना अजून?" दादाने पान तुपात बुडवलं.

"नाही."

"काहून?"

मला खोटं सुचत होतं. चांगली तीन-चार सुचली होती. पण दादाचा हात त्या घट्ट्यावरून फिरत होता, बैल डोळे मिटून उभा होता आणि वाटी माझ्या हातात होती. मी म्हणालो, "त्याला स्वतःच्या हाताचा भरोसा राहिला नाही."

दादाचा हात थांबला. धुरकऱ्याला याहून वाईट बातमी नाही. "काहून नाई राहिला? पयला आला व्हता ना थो?"

मग मी सगळं सांगितलं. पट्टा, तूप, समुद्र, गाढवं, पुडिंग. कंदील कोणाच्या हातात होता तेही. दमणीतला तो एक शब्दही.

पहिले बोलले ते नत्थुजी.

"म्हंजे आमच्या सर्व्हिस मोटारीले तीन वर्सं..."

"फक्त भोंग्याला लावलं, नत्थुजी. ब्रेकला हात नाही लावू दिला कोणाला."

"आस्सं! मी म्हनतो, थ्या मोटारीचा भोंगा घसा बसल्यावानी काहून वाजून राहिला!"

दारातून वहिनी म्हणाली, "भाऊजी, तुमी तं लिवत व्हते, वयनी, रोज भातावर तूप घेतो म्हनून. मी चार घरी वाचून घेतलं व्हतं थे पत्र."

समुद्राचा किस्सा सांगताना मी वर पाहू शकलो होतो, आता पाहू शकलो नाही.

दादा रागावेल असं मला वाटलं होतं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने हात धोतराला पुसले आणि शांतपणे म्हणाला, "शेषराव." एरवी मी शेष्या होतो. "गाडी बुडाली, बुडू दे. पन चार वर्सं त्या मानसाले तू कुलूप पाह्याले पाठवून राहिला. उद्या बैलं जेवाच्या आंधी पत्र पेटीत पडलं पाह्यजे."

पोळ्याच्या दिवशी बैल जुंपत नाहीत. मी पत्र लिहून सकाळी पायीच अमरावतीला निघालो. काळ्या मातीने जोड्यांना शेर-शेर चिखल लावला. वाटेत सर्व्हिस मोटार मागून आली, बसलेल्या आवाजात दोनदा खोकली आणि थांबली. मी हात हलवून तिला पुढे जायला सांगितलं. तिच्यात बसायची मला लाज वाटली.

पत्रात मी लिहिलं होतं: तुम्ही ब्रेक आवळला होता. दोनदा आवळला आणि दोनदा ओढून पाहिला. कंदील माझ्या हातात होता आणि मला सगळं स्वच्छ दिसलं होतं. खाली तुपाची हकीकत. क्षमा मागायला इंग्रजीत जेवढे शब्द आहेत ते सगळे वापरले, तरी पान अर्धं रिकामं राहिलं.

उत्तर यायला दिवाळी उलटली. ते अकोल्याच्या पत्त्यावर आलं. मी ते टेबलावर ठेवलं, कचेरीत गेलो, परत आलो, हातपाय धुतले, आणि मग उघडलं.

आल्फ्रेडने लिहिलं होतं: तुमचं पत्र आईला दाखवलं. तिने चष्मा लावून तीनदा वाचलं आणि म्हणाली, म्हणजे तू आवळला होतास तर. एवढंच. पण त्या रात्री जेवताना मोठा बटाटा तिने माझ्या ताटात घातला. दोन दिवस मला तुमचा फार राग आला होता. तिसऱ्या दिवशी पाऊस होता, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, आणि तुम्ही माझ्या डेझीच्या कानात जेवायचं आमंत्रण देत आहात असं चित्र डोळ्यांपुढे आलं. मी कोबीच्या टोपलीवर बसून हसलो. रविवारी पाद्र्याने आपली मोटार मला चालवायला दिली. वळणावर मी ब्रेक लावला. लागला. त्या दिवशी दुकानाचं कुलूप मी एकदाच लावलं.

खाली सहीनंतर दोन ओळी होत्या.

त्या वाचून मी पहिल्या गाडीने वलगावला गेलो. वहिनी चुलीपाशी होती. पोळ्यापासून तिने माझ्याशी अबोला धरला नव्हता, फक्त माझ्या भातावर तूप पडायचं बंद झालं होतं. मी उंबऱ्यापाशीच उभा राहिलो. दादा म्हणाला, "लिवलं का सायेबानं? माफ केलं?"

"केलं, दादा."

"मंग असा काहून हुबा राहिला?"

मी पिशवीतून रिकामा डबा काढला. तोच, मेण लावलेला.

"वहिनी," मी म्हणालो, "कोबीच्या गाड्याची चाकं फार करकरतात म्हणतो. ब्रेक त्याने काढून टाकला आहे. वाटीभर तूप देता का?"